दोनशे पत्रिका आणि एक नाणे

मे २००८ मध्ये पुण्यातून ज्योतिषांना एक जाहीर आवाहन करण्यात आले. त्यांच्यापुढे काही जन्मपत्रिका ठेवल्या जाणार होत्या. प्रत्येक पत्रिका पाहून एवढेच सांगायचे होते, की ती हुशार मुलाची आहे की मतिमंद मुलाची. (त्या काळी हाच शब्द रूढ होता, आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो.) आवाहन करणाऱ्यांत चौघे होते : आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास करून पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे.

प्रश्नाला पार्श्वभूमी होती. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचा निर्णय घेतला. त्यावर देशभर वाद झाला. शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. अभ्यासक्रम असावा की नसावा, हा धोरणाचा प्रश्न न्यायालयात मिटला. पण पत्रिकेवरून केलेले भाकीत खरे ठरते का, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हताच. तो मोजणीचा होता.

या मोजणीचे साधन शंभर वर्षांपूर्वीच तयार झाले होते. १९०० साली लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांनी काय-वर्ग कसोटी मांडली. तिचा गाभा साधा आहे. प्रत्येक वर्गात अपेक्षित संख्या आणि प्रत्यक्ष आढळलेली संख्या यांतील फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि साऱ्या वर्गांची बेरीज करायची. बेरीज लहान आली तर फरक योगायोगाचा मानता येतो; मोठी आली तर मूळ गृहीतकाविषयी शंका घ्यावी लागते. बरोबर आणि चूक असे दोनच वर्ग असतील, तर रूढ मर्यादा ३.८४ ही आहे. निव्वळ योगायोग असताना याहून मोठी बेरीज शंभरात सुमारे पाचच वेळा येते.

पिअर्सन यांनी वापरलेले एक उदाहरण फाशांचे होते. त्यांचे सहकारी वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकले होते. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ३३.३३ टक्के असायला हवे, ते ३३.७७ टक्के निघाले. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक! परंतु निरीक्षणे तीन लाखांहून अधिक असल्याने या दोन वर्गांचा काय-वर्ग २७ च्या आसपास येतो. म्हणजे फासेच किंचित एकांगी होते. फरक केवढा आहे याबरोबरच तो किती निरीक्षणांतून आला, हेही पाहावे लागते.

पुण्यातील प्रयोगात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांची जन्मवेळ व जन्मस्थळ मिळवून पत्रिका तयार करण्यात आल्या. त्यांना केवळ सांकेतिक क्रमांक देण्यात आले. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, हे ज्योतिषांना कळण्याचा मार्ग नव्हता. भाग घेणाऱ्या ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवण्यात आल्या. उत्तरे २७ जणांकडून आली. एका ज्योतिषसंस्थेने मात्र सर्वच्या सर्व २०० पत्रिका तपासल्या.

त्या संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली, ९८ चुकली. नाणेफेकीने अपेक्षित होती १०० आणि १००. दोन्ही वर्गांत फरक दोनचा, त्याचा वर्ग चार, भागिले शंभर. बेरीज झाली ०.०८. मर्यादा ३.८४ ची, आणि हाती आले ०.०८. वैयक्तिक उत्तरांत सर्वाधिक गुण ४० पैकी २४ होते. ऐकताना हे साठ टक्के यश वाटते. काय-वर्ग मात्र १.६ च येतो. शिवाय २७ जणांनी केवळ नाणे उडवून उत्तरे लिहिली असती, तरी तिघाचौघांना २४ किंवा अधिक गुण सहज मिळाले असते. सर्वांचे एकत्रित यश सुमारे ४६ टक्के होते.

येथे एक मोह टाळायला हवा. २७ जणांची सर्व उत्तरे एका ढिगात घालून एकच काय-वर्ग काढणे चुकीचे ठरेल. मूळ पत्रिका २००, उत्तरे हजाराच्या घरात. म्हणजे एकच पत्रिका अनेकांच्या हाती गेली होती. एकाच ग्रंथपरंपरेचे नियम लावणारे लोक एकाच पत्रिकेवर एकसारखेच चुकू शकतात. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत, ही या कसोटीची पहिली अट आहे. ती मोडली तर आकडा नेमका दिसतो, पण त्याचा अर्थ हरवतो.

प्रयोगाचे निष्कर्ष मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशी कसोटी ज्योतिषाचा प्रत्येक दावा कायमचा खोटा ठरवत नाही. ती एका ठरावीक दाव्याला नाणेफेकीपेक्षा अधिक आधार आहे का, एवढेच विचारते. तो आधार आढळला नाही. पण या प्रयोगाचे मोल केवळ उत्तरात नाही. दोन्ही पक्षांना एकाच नियमाने बांधणारी पद्धत त्याने समाजापुढे ठेवली. ज्योतिषी जिंकले असते, तरी हेच गणित त्यांच्या बाजूने उभे राहिले असते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. ज्या वादाचे उत्तर एका बाजूने बंदुकीने देण्यात आले, त्याच वादासाठी या माणसांनी निवडले होते दोनशे पत्रिका, एक पाकीट आणि एक बेरीज.