फिरत्या पात्याचें आमिष

शाळेंतल्या इतिहासांत राजे, तह आणि लढाया यांना जागा मिळते. हातांतल्या लहानशा साधनांना ती क्वचितच मिळते. वस्तुतः मनुष्यानें निसर्गाचें निरीक्षण किती बारकाईनें केलें, याची साक्ष अशा साधनांतच सांपडते. असें एक साधन म्हणजे अमेरिकेंतील गोड्या पाण्यांत बास नांवाचा मासा पकडण्यासाठीं वापरतात तें फिरकीचें आमिष होय.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या कोंकणच्या खाड्यांतील जिताड्याला इंग्रजींत सी-बास म्हणतात. परंतु त्याचें कुळ निराळें. अमेरिकेंतील हा बास तळ्यांत व संथ नद्यांत राहणारा, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा आहे. बुडालेल्या झाडापाशीं किंवा पाणगवतांत दबा धरून बसावें आणि लहान मासा टप्प्यांत येतांच झडप घालावी, हा त्याचा स्वभाव.

व्हरमाँट संस्थानांत ज्युलिओ ब्यूएल नांवाचा एक तरुण होता. बोमोसीन सरोवरांत नावेंत बसून जेवीत असतां त्याच्या हातून चमचा पाण्यांत पडला, आणि गिरक्या घेत खालीं जाणाऱ्या त्या चमच्यावर एका माशानें झडप घातली, असें सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ब्यूएलनें चमच्यासारख्या पत्र्याला गळ जोडून आमिष बनविलें आणि १८५२ सालीं त्याचें पेटंट घेतलें, ही गोष्ट निश्चित. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शिकागोच्या जेमिसन कंपनीनें शॅनन ट्विन स्पिनर हें आमिष विक्रीस आणलें. त्यांत तारेच्या दोन भुजांवर दोन पातीं गळाच्या वर फिरत असत.

आजचें आमिष उघडलेल्या सेफ्टी पिनेसारखें दिसतें. खालच्या भुजेवर शिशाचें डोकें, गळ आणि रबरी झालर. वरच्या भुजेवर फिरणारें पातें. दोर बांधावयाचा तो मधल्या वळणाशीं. वरची तार गळाच्या पुढें ढालीसारखी राहत असल्यामुळें गळ फांद्यांत सहसा अडकत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत टेक्सस व लुइझियाना यांच्या सीमेवर साबीन नदी अडवून टोलेडो बेंड जलाशय झाला, तेव्हां उभीं झाडें तशींच पाण्यांत बुडालीं. अशा ठिकाणीं या आमिषाचा उपयोग विशेष कळून आला.

खरें कौशल्य मात्र तें पाण्याप्रमाणें जुळविण्यांत आहे. माशाच्या अंगावर दोहों बाजूंस संवेदनाची एक रेषा असते. तिच्या योगें त्याला पाण्यांतील कंप जाणवतात. म्हणून गढूळ पाण्यांत, जेथें डोळा चालत नाहीं तेथें, कोलोरॅडो जातीचें रुंद वाटोळें पातें लावतात. तें पाण्याला जड ठोके देतें, आमिषाला वर उचलून धरतें आणि सावकाश ओढतां येतें. निवळ पाण्यांत विलोच्या पानासारखें लांबट पातें घेतात. त्याचा कंप थोडा, पण लकाकी फार, आणि तें वेगानें ओढतां येतें. इंडियाना पातें या दोहोंच्या मधलें. आमिष एका बाजूस कलून चालत असेल, तर वरची भुजा हळूच वांकवून गळाच्या बरोबर वर, एका रेषेंत आणावी. मासा नुसता चाटून जात असेल, तर मूळ गळाच्या मागें दुसरा गळ अडकवितात.

ब्यूएलनें लकाकीचा उपयोग केला. पुढच्या पिढ्यांनीं कंपाचा आणि अडथळ्याचाहि विचार केला. या आमिषाचा इतिहास तो एवढाच. परंतु साधन सुधारलें, गळ टाकणारांची संख्याहि वाढली, आणि मासा पुरेल काय, हा प्रश्न उभा राहिला. रे स्कॉट यांनीं १९६८ सालीं बास पकडणारांची संस्था स्थापिली आणि १९७२ पासून तिच्या सामन्यांत पकडलेले मासे जिवंत राखून पुन्हां पाण्यांत सोडण्याची प्रथा पाडली. अधिक मासे पकडण्याची विद्या हातीं आल्यावर ते परत सोडण्याची शिस्तहि अंगीं बाणावी लागली, हें या इतिहासांतील मला सर्वांत महत्त्वाचें प्रकरण वाटतें.