ओसाका ते कुर्ला : एका लाइव्ह रेकॉर्डची कुळकथा

आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडची 'फ्लाइट 666' ही लाइव्ह रेकॉर्ड 2009 साली आली. गाणी सोळा आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातल्या कार्यक्रमातलं. त्यातलं पहिलं, 'एसेस हाय', 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात मुद्रित झालं. मेलबर्न, सिडनी, टोकियो यांचा नंबर त्यानंतर लागतो. कुर्ल्याच्या वाट्याला आलेल्या या मानामागे छत्तीस वर्षांची वंशावळ आहे.

तिचं मूळ जपानात. ऑगस्ट 1972 मध्ये डीप पर्पल हा बँड ओसाका आणि टोकियोत तीन रात्री वाजला. लाइव्ह रेकॉर्डचा आग्रह जपानी कंपनीचा होता, बँडला फारसा उत्साह नव्हता. मुद्रणाला होता मार्टिन बर्च आणि हाताशी फक्त आठ ट्रॅकचं यंत्र. त्यातून निघाली 'मेड इन जपान'. स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपलेलं 'स्पेस ट्रकिन' इथे वीसेक मिनिटं चालतं आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये इयान गिलनचा गळा आणि रिची ब्लॅकमोरची गिटार यांचा सवाल-जवाब रंगतो. गाणं समोरच्या गर्दीच्या जोरावर किती वाढू शकतं, हे या रेकॉर्डने दाखवलं.

हाच बर्च 1981 पासून आयर्न मेडनचा निर्माता झाला. 1985 ची 'लाइव्ह आफ्टर डेथ' त्याच्याच हातची. तिचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, उरलेला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनचा. सुरुवातीला चर्चिलचं 1940 चं भाषण आणि त्याला जोडूनच 'एसेस हाय', ब्रिटिश लढाऊ वैमानिकाचं गाणं. ही सुरुवात चाहत्यांच्या डोक्यात पक्की बसली. 2008 मध्ये बँडने त्या रेकॉर्डच्या वेळचाच इजिप्शियन धाटणीचा रंगमंच नव्याने उभारून जगभर दौरा काढला. बोइंग 757 विमान होतं आणि वैमानिकाच्या खुर्चीत गायक ब्रूस डिकिन्सन. दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत झाला, म्हणून सुरुवातीचं गाणं मुंबईचं. बर्च तोवर निवृत्त झाला होता, मुद्रणाची सूत्रं केविन शर्लीकडे होती.

धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात वाढलेलं मुंबईचं रॉक शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथून उठलं होतं. मिठी नदीकाठच्या दलदलीवर उभ्या राहिलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्याला मोकळं मैदान मिळालं. भारतीयांना चर्चिलचं प्रेम असायचं कारण नाही, तरी त्याचा आवाज घुमला की पुढे काय येणार हे त्या गर्दीला कॅसेटच्या काळापासून पाठ होतं.

लाइव्ह रेकॉर्डची ओढ इथेच आहे. मंचावरच्या मायक्रोफोनचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात आणि गर्दीकडे तोंड करून ठेवलेले मायक्रोफोन श्रोत्यांचा गलका टिपतात. स्टुडिओत सूर बिनचूक करता येतात, पण हा गलका तिथे मिळत नाही. लाँग बीचचं 'एसेस हाय' आणि कुर्ल्याचं 'एसेस हाय' लागोपाठ ऐका. वादन पहिल्यात अधिक चपळ आहे. पण वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिलेल्या गर्दीचा आवाज दुसऱ्यातच आहे, आणि माझं मत त्यालाच.