अर्ध्या अक्षरांची नाणी



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादी नवी पुतळ्यांची माळ घालून आली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. आधी कुणी काही बोलत नाही. मग एकजण हळूच म्हणते, "बघू गं, कधी केलीस?" लगेच चार हात माळेपाशी पोचतात. कुणी वजन विचारतं, कुणी सोनाराचं नाव विचारतं. आणि कोपऱ्यातली एखादी आजी चष्मा सावरत म्हणते, "आमच्या सासूबाईंच्या पुतळीवरचा ठसा निराळा होता हो." आजीच्या या वाक्यात पुष्कळ इतिहास आहे. आज त्याच्याबद्दल बोलू.

जुनी नाणी आणि पदकं जमवणारी माणसं आपल्या जिल्ह्यातही आहेत. एखाद्याला नवं नाणं मिळालं की त्याला घरी चैन पडत नाही. सुट्टीच्या दिवशी तो ते कागदाच्या पुडीतून मित्राच्या घरी घेऊन जातो. चटईवर कापड पसरलं जातं, भिंग निघतं, नाणं कडेला धरून या हातातून त्या हातात जातं. "वा! कुठं मिळालं?" हा पहिला प्रश्न. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता मिरवण्याचा कार्यक्रम आहे. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण जवळ बसून पाहिलं तेव्हा कळलं, की दाखवल्याशिवाय त्यांचं कामच पुढं जात नाही. ते कसं, तेच सांगतो.

आधी आपली पुतळी बघा. पुतळी हा दागिना होण्यापूर्वी नाणं होती, आणि तेही परदेशी. इटलीतल्या व्हेनिस शहरात १२८४ पासून १७९७ पर्यंत सोन्याचं डुकाट नावाचं नाणं पडत असे. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला येशूची उभी मूर्ती. पाचशे वर्षं त्याची घडण फारशी बदलली नाही आणि सोनं चोख राहिलं. मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारात ही नाणी आपल्याकडे आली. त्यांच्यावरच्या उभ्या आकृत्या पाहून लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटलं. बायकांनी ती दोऱ्यात ओवली. पुढे सोनारांनी स्वतःचे ठसे करून तशाच पुतळ्या घडवल्या. म्हणजे जुन्या पुतळीचा ठसा निराळा होता हे आजीचं म्हणणं अगदी बरोबर असू शकतं. फक्त ते ताडून बघायला जुनी पुतळी समोर हवी, आणि ती बहुतेक घरांत केव्हाच आटवली गेली.

आता आपल्या मातीतल्या नाण्याकडे येऊ. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या नावानं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पडली. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरं. पुढच्या राजांनी आणि पेशव्यांनीही शिवराई पाडली. इंग्रजांच्या अमदानीतही ती आठवडे बाजारात चालत होती. म्हणून अजूनही एखाद्या जुन्या डब्यात, जात्याखालच्या मातीत, नाहीतर नांगराच्या तासात ती सापडते.

पण हातात आलेली शिवराई वाचायला गेलात तर बहुतेक वेळा हिरमोड होतो. 'श्री' दिसतो तर 'राजा' अर्धा. 'छ' आहे तर 'ति' नाही. याचं कारण नाणं पाडायच्या रीतीत आहे. त्या काळी तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालत. ठसा मोठा असे, चकती लहान असे आणि घाव मध्यावर बसेलच असं नाही. त्यामुळे ठशावरची सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच उमटत. एकाच्या नाण्यावर वरची ओळ, दुसऱ्याच्या नाण्यावर खालची. दोघांनी आपापली नाणी शेजारी ठेवली, तिसऱ्यानं आपलं आणून लावलं, की मूळ ठसा पुरा वाचता येतो. अक्षरांचं वळण कुठं बदललं, 'छत्रपति' कुठं ऱ्हस्व आणि कुठं दीर्घ लिहिलं, हे असंच जुळवून कळत गेलं. एकट्याच्या डब्यात बंद असलेलं नाणं अर्धंच बोलतं. उरलेलं अर्धं शेजारच्या डब्यात असतं.

नगरच्या निजामशाहीची तांब्याची नाणीही अशीच. १४९० साली मलिक अहमदनं हे शहर वसवायला घेतलं आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं निजामशाही नांदली. तिची जी नाणी मिळतात ती मुख्यतः तांब्याची. त्यावर फारसी अक्षरं, तीही कडेला तुटलेली. वेढ्यात दारूगोळा संपला तेव्हा चांदबिबीनं तोफांत तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी भरून डागली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. त्या शूर बाईच्या शहरातलं एखादं तांब्याचं नाणं हातात आलं, तर त्यातलं साल वाचण्यासाठीसुद्धा दोन-तीन जोडीदार नाणी लागतात.

सगळी नाणी एकत्र पाहिली तर काय हाती लागतं, याचा मोठा दाखला आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर पुन्हा ठसा मारलेला होता, आणि तो होता गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचा. नव्या ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा डोकावत होता. असं एकच नाणं कुणाच्या हाती लागलं असतं, तर खराब ठशाचं म्हणून बाजूला पडलं असतं. हजारोंनी एकत्र दिसली तेव्हा अर्थ उलगडला: एका राजानं दुसऱ्याला हरवलं आणि त्याचाच पैसा स्वतःच्या नावानं चालवला. रेव्हरंड स्कॉट यांनी ही नाणी तपासून त्यांची हकीकत छापली, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

आणि गंमत बघा. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, मोठा शिलालेख आहे. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात तिनं तो कोरवून घेतला. आपल्या लेकानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, नायनाट केला असं ती त्यात अभिमानानं सांगते. आई लेकाचं कौतुक करणारच, असं म्हणून कुणी ते सोडून दिलं असतं. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या आईच्या शब्दाला साक्ष दिली.

ही साक्ष उभी राहिली ती नाणी कुठं आणि कशी सापडली याची नोंद राहिली म्हणून. आपल्या नेवाशाला १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांची नाणी मिळाली. मातीच्या कोणत्या थरात नाणं मिळालं ते लिहून ठेवलं, म्हणून त्या थरातली खापरं, मणी, बांगड्या कोणत्या काळातल्या ते ठरवायला आधार मिळाला. तेच नाणं गावाचं नाव पुसून बाजारात गेलं असतं, तर त्याला किंमत आली असती, पण साक्ष देता आली नसती. म्हणूनच चांगला संग्राहक नवं नाणं दाखवताना किती रुपयांना घेतलं हे शेवटी सांगतो आणि कुठलं आहे हे आधी सांगतो.

आता थोडं आपल्या अहिल्यादेवींबद्दल. त्यांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांच्या राज्यात महेश्वरच्या टांकसाळीत रुपये पडत. त्या रुपयांवर त्यांचं नाव शोधाल तर सापडणार नाही. त्या काळच्या चालीप्रमाणे नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. पण त्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान उमटवलेलं असतं. जाणकार त्या बेलपानावरून रुपया ओळखतात. त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा, ३१ मे २०२५ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते भोपाळला तीनशे रुपयांचं स्मारक नाणं निघालं. ते बाजारात चालवायचं नाही, जपायचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुणाकडे ते आलं असेल, तर नुसतं कौतुक करून थांबू नका. ज्याच्याकडे बेलपानाचा रुपया आहे त्याला बोलवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. शाळेतल्या मुलींना ते दाखवलं, तर वेगळं भाषण करायला नको.

आता जरा दुखरी गोष्ट. आमच्यापैकी एकीच्या देवघरात राजाछाप रुपयांबरोबर रुप्याचा एक जाड गोल तुकडा होता. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. लक्ष्मीपूजनाला तोही पूजला जाई. मुलीच्या लग्नात चांदी कमी पडली आणि तो मोडीत दिला. त्याचे पैंजण झाले. पुष्कळ वर्षांनी एका संग्राहकाकडे तसंच पदक पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ते पहिल्या महायुद्धाचं पदक होतं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरातले कोण पणजोबा मेसोपोटेमियात गेले होते, का आणखी कुठं, ते सांगणारं घरातलं एकमेव लिखाण त्या कडेवर होतं. ते वितळलं.

मराठा पलटणींतून, १९१७ साली उभारलेल्या १११व्या महार पलटणीतून आपल्याकडची माणसं त्या युद्धाच्या काळात सैन्यात होती. दख्खनच्या कितीतरी गावांत वेशीपाशी नाहीतर चावडीत दगडी पाटी दिसते: या गावातून इतके जण लढाईला गेले, इतके परत आले नाहीत. पाटीवर बहुधा आकडा असतो, नावं नसतात. नाव पदकाच्या कडेवर असतं. म्हणून एखादं पदक मोडीत गेलं, की पाटीवरच्या आकड्यातला एक माणूस बिननावाचा होतो.

म्हणून सख्यांनो, चार गोष्टी सांगतो. घरातली जुनी नाणी चिंचेनं, राखेनं, पावडरीनं घासू नका. पूजेच्या वेळी पाणी शिंपडा, हळदकुंकू जवळच्या पाटावर वाहा. घासलं की अक्षरं झिजतात आणि नाण्याची किंमतही उतरते. नाणं कडेला धरा. प्रत्येकासाठी कागदाची पुडी करा आणि तिच्यावर लिहा: हे कुणाचं, कुठल्या गावचं, कसं घरात आलं. सासूबाईंना, आत्याबाईंना आजच विचारा. ती गोष्ट त्यांच्याबरोबर जाते. आणि मोडीत द्यायची वेळ आलीच, तर आधी भिंगातून कडेवरचं नाव वाचा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग सराफाकडे जा.

शेतात, घराच्या पायात गुप्तधन सापडलं तर मात्र ते परस्पर विकू नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काचाही विचार केलेला आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायलाही मनाई आहे. नाणं ओळखायचं असेल तर नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आणि संग्रहालय आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला डबा उघडाल तेव्हा शेजारणीलाही तिचा डबा घेऊन बोलवा. तुमच्या शिवराईवर 'राजा' तुटलेला असेल, तर कदाचित तिच्या शिवराईवर तो पुरा असेल. दोन्ही शेजारी ठेवा, वाचा आणि पुडीवर लिहून ठेवा.