तुरटीचा खडा आणि सुगंधी डबा

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही सांगोल्याला गेलो होतो. एप्रिलचे दिवस होते. पावसाच्या छायेतला हा तालुका. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतही नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी तेवढी उरते. चहाच्या सुट्टीत एक बाई जवळ आल्या. "सर, प्रश्न जरा अवघडल्यासारखा आहे, विचारू का?" म्हणाल्या.

त्यांच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी. ती शेजारी बसली की मुले नाकाला रुमाल लावतात. हळूहळू ती शाळा चुकवू लागली. आई डाळिंबाच्या बागांत रोजंदारीवर जाते. मुलीने तिच्याकडे जाहिरातीतला सुगंधी डबा मागितला. दुकानात दोन प्रकार मिळाले. एकावर डिओडरंट असे लिहिलेले, दुसऱ्यावर अँटीपर्स्पिरंट. पैसे एकापुरतेच, तेही जेमतेम. "कोणता घ्यायला सांगू?" असा बाईंचा प्रश्न होता.

वेळ थोडा होता, म्हणून आम्ही तेव्हा अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे इतिहासात दडलेले आहे, ते येथे मांडतो.

वास झाकण्याची विद्या

अंगाच्या वासावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे त्यावर दुसरा, चांगला वास चढवणे. आपल्याकडे याचे रीतसर शास्त्रच होते, त्याला गंधयुक्ती म्हणत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. गणिताच्या शिक्षकांना तो आवडेल. १६ द्रव्यांतून ४ निवडली तर किती मिश्रणे होतील, हे त्यात मोजले आहे. उत्तर आहे १८२०. मुलांना हे उदाहरण जरूर घाला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या स्नानाचे आणि विलेपनाचे तपशील आहेत.

या विद्येची एक वाट मराठीतूनही गेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. सुगंधी द्रव्यांच्या कृती सांगणाऱ्या या ग्रंथावर मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे ज्ञान मराठीत समजावून सांगत होते.

मात्र कस्तुरी, कापूर, चंदन ही द्रव्ये कोणाला परवडत असतील? बागेत राबणाऱ्या बाईला नक्कीच नव्हेत.

वास येतो कशाचा?

घामाचा, असे आपण सहज म्हणतो. पण ते बरोबर नाही. आपल्या त्वचेत दोन प्रकारच्या घामग्रंथी असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी साधारण २० ते ४० लाख, सर्वांगावर पसरलेल्या. त्यांचा घाम म्हणजे बव्हंशी पाणी आणि थोडे मीठ. हे पाणी शरीर थंड ठेवते. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. सांगोल्याच्या उन्हात माणूस काम करू शकतो तो या सोयीमुळेच. दुसऱ्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि थोडा, पण प्रथिने व स्निग्ध पदार्थ असलेला स्राव सोडतात. हा प्रश्न आठवीच्या वर्गातच का उभा राहतो, चौथीच्या का नाही, याचे कारण हे आहे.

१९५३ मध्ये शेली, हर्ली आणि निकोल्स या अमेरिकन संशोधकांनी दुसऱ्या प्रकारचा ताजा स्राव गोळा केला. त्याला वास नव्हता. जंतुविरहित ठेवला, तरी वास आला नाही. त्वचेवरचे जीवाणू त्यात मिसळताच मात्र दर्प सुटला. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाच्या जीवाणूतले एक विकर काखेतल्या गंधहीन पदार्थाचे गंधकयुक्त, उग्र वासाच्या रेणूत रूपांतर करते, हे त्यांनी दाखवले.

म्हणजे दर्प हे जीवाणूंचे काम आहे. तो येतो म्हणून माणूस घाणेरडा ठरत नाही.

दोन बाटल्या

१८८८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 'मम' नावाचे मलम विक्रीला आले. ते वासावर इलाज करी, घाम थांबवत नसे. हे पहिले व्यापारी डिओडरंट समजले जाते. १९०३ मध्ये आलेल्या 'एव्हरड्राय'मध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड होते, आणि त्याने घामच अडवला. हे अँटीपर्स्पिरंट.

एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम येऊ नये म्हणून असाच एक द्राव बनवला होता. त्याची मुलगी एडना मर्फी हिने तो 'ओडोरोनो' या नावाने विकायला काढला. १९१२ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिने दुकान मांडले. सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हते. उकाडा वाढला आणि माल खपू लागला. द्राव आम्लधर्मी होता, त्याने कपडे खराब होत आणि कातडीची आग होई.

पुढे १९१९ मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरात-लेखकाने नवी युक्ती काढली. तुमच्या अंगाला वास येतो, तो तुम्हाला कळत नाही, लोक मात्र पाठीमागे बोलतात, अशी भीती त्याने बायकांच्या मनात घातली. चिडून सुमारे २०० वाचक स्त्रियांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली. आणि विक्री? ती एका वर्षात दुपटीहून अधिक झाली! आज दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती पाहताना हे साल आठवावे. आपल्या आठवीतल्या मुलीलाही मुलांच्या रुमालाइतकेच या जाहिरातींनी छळले आहे.

खडा काय करतो?

ॲल्युमिनियमचे क्षार घाम कसा अडवतात, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होते? तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका तयार होतो, मातीचे कण त्याला चिकटतात आणि तळाला बसतात. घामग्रंथीच्या तोंडाशीही असाच साका धरतो. त्याचे इवलेसे बूच बसते आणि काही दिवसांत कातडीबरोबर निघून जाते. बाटलीतले क्षार त्यासाठी मुद्दाम निवडलेले असतात. तुरटी त्या मानाने दुबळी. ती घाम फारसा अडवत नाही. पण कातडी आम्लधर्मी करून जीवाणूंना आवर घालते. म्हणजे दाढीनंतर न्हावी फिरवतो तो खडा हे आपले स्वस्त डिओडरंटच आहे.

मग काय घ्यावे?

आधी साबण. टँकरच्या गावात रोज बादलीभर पाणी मिळेलच असे नाही. पण तांब्याभर पाण्यात काखा धुता येतात. दुसरे, कपडे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात व्यायामानंतर पॉलिएस्टरच्या कपड्यांना सुती कपड्यांपेक्षा जास्त दर्प आढळला. गणवेश टेरिकॉटचा आणि एकच असेल, तर मुलगी स्वच्छ असूनही सदरा वास धरून ठेवतो. गणवेशाचे कापड शाळा ठरवते, हेही शाळेने लक्षात घ्यावे.

तिसरे, तुरटी. ओल्या काखेवर खडा हलकेच फिरवावा. कापलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर नको. एवढ्याने भागले तर बाटलीची गरजच नाही. घाम थोडा आणि वास जास्त असेल तर डिओडरंट पुरे. सदरा ओला होण्याइतका घाम असेल तर अँटीपर्स्पिरंट घ्यावे, आणि ते रात्री कोरड्या कातडीवर लावावे. रात्री घाम कमी येतो, म्हणून बूच नीट बसते. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. ॲल्युमिनियमचा क्षार असेल तरच घाम अडेल. फवाऱ्याच्या डब्यात बराचसा वायूच असतो. त्याच पैशात गोळी फिरणारी बाटली सहसा जास्त दिवस पुरते.

काखा म्हणजे अंगाचा फार थोडा भाग, तेव्हा तेथला घाम अडल्याने उन्हाचा त्रास वाढत नाही. कर्करोगाची शंकाही नेहमी विचारली जाते. २००२ मध्ये अमेरिकेत स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली, तिच्यात काही संबंध दिसला नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच अँटीपर्स्पिरंट वापरावे.

बाईंना आम्ही एक गोष्ट त्याच दिवशी सुचवली होती. काचेच्या दोन भांड्यांत गढूळ पाणी घ्या, एकात तुरटी फिरवा आणि संपूर्ण वर्गाला घाम, ग्रंथी, जीवाणू हा पाठ शिकवा. कोणाचेही नाव न घेता. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे प्रत्येकाच्या काखेत घडते, हे रुमाल लावणाऱ्या मुलांना कळले पाहिजे. काख त्यांनाही आहेच.