हाड आधी, नाव नंतर

1828 साली जबलपूरजवळच्या एका टेकडीत विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला दगड झालेली हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला ठाऊक आहे, तोच हा स्लीमन. ही हाडं कोणत्या प्राण्याची, हे त्याला सांगणारं तेव्हा जगात कुणी नव्हतं. ‘डायनोसॉर’ हा शब्द जन्माला यायला अजून चौदा वर्षं होती.

तो घडवला रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने, 1842 मध्ये छापलेल्या एका अहवालात. त्याच्यापुढे होते इंग्लंडमध्ये सापडलेले तीनच प्राणी, आणि तेही अर्धेमुर्धे: बकलंड या इंग्रज भूवैज्ञानिकाने 1824 मध्ये नाव दिलेला मेगॅलोसॉरस, आणि गिडियन मँटेल या डॉक्टरने उजेडात आणलेले इग्वानोडॉन व हायलिओसॉरस. कुणाचे दात, कुणाच्या जबड्याचा तुकडा. इग्वानोडॉनचं एक टोकदार हाड तर मँटेलने नाकावरचं शिंग समजून बसवलं होतं. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसारच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे निघाले, तेव्हा कळलं की तो हाताचा अंगठा होता.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत ओवेनला जे दिसलं, त्याला मी मनापासून दाद देतो. कमरेचे पाच मणके एकमेकांना सांधून एकजीव झालेले होते. घोरपड चालताना पाहा: पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, अंग नागमोडी वळतं. या प्राण्यांचे पाय मात्र हत्तीसारखे सरळ अंगाखाली होते, आणि वरचा भार त्या जोडलेल्या कमरेने पेलला होता. पायांची ही ठेवण आजही डायनोसॉरची मोठी खूण मानतात.

म्हणून त्याने ग्रीक शब्द घेतले. ‘सॉरॉस’ म्हणजे सरडा. ‘डायनॉस’चा अर्थ आपण सर्रास ‘भयंकर’ असा करतो. ओवेनच्या मनात होतं ते पाहून छाती दडपावी असं थोरपण. सरड्याची उपमा मात्र चुकलीच. डायनोसॉर सरड्यांपेक्षा मगरींना जवळचे, आणि त्यांची एक शाखा आजही आपल्या अंगणात दाणे टिपते. कोंबडीच्या पायावरचे खवले आणि पुढे वळलेली तीन बोटं जरा निरखून बघा.

सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी, सगळे खंड एकत्र जोडलेले असताना, हे कुळ लहानखुऱ्या, दोन पायांवर धावणाऱ्या प्राण्यांपासून सुरू झालं. पक्षी सोडता बाकीचे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. मेक्सिकोच्या युकातानवर आदळलेला अशनी हे त्याचं मुख्य कारण मानतात. त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याच्या काळ्या पाषाणात पुढे वेरूळची लेणी कोरली गेली.

जबलपूरचे प्राणी या शेवटच्या पर्वातले. त्यांचे भाऊबंद चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यालाही होते. तिथे हाडांबरोबर दगड झालेली विष्ठा मिळते. 2005 मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. उसाच्या पात्याने हात चिरतो, तो याच सिलिकामुळे. गवत डायनोसॉरांच्या नंतर आलं अशी तोवर समजूत होती. ती वरोऱ्याच्या मातीने खोडून काढली. पुढच्या तपासात भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही मिळाल्या.

आणि स्लीमनची हाडं? ती कोलकात्याला गेली. 1877 मध्ये रिचर्ड लिडेकरने जबलपूरच्या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव ठेवलं. पुढे स्लीमनचा मणका संग्रहातच हरवला, तो 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातून धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी शोधून काढला. तोवर नावच डळमळीत झालं होतं: ज्या खुणांवर ते उभं होतं त्या पुष्कळ जातींत आढळतात, तेव्हा तेवढ्यावरून वेगळा प्राणी मानता येत नाही, असं अभ्यासकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं. ‘टायटॅनोसॉर’ हे त्यावरून पडलेलं गटाचं नाव जगभर चालतं. मणका कोलकात्यात आहे.