हाफकिनचे मूळ गाव

जळगावच्या एमआयडीसीत ‘हाफकिन अजिंठा फार्मास्युटिकल्स’ ही औषधांची सरकारी कंपनी आहे. अजिंठा कुठला, ते इथे कुणाला सांगावे लागत नाही. हाफकिन मात्र कोणी इंग्रज साहेब असावा, एवढ्यावर बहुतेकांची समजूत थांबते. ते नाव एका परागंदा रशियन शास्त्रज्ञाचे आहे.

ही कंपनी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाची; महामंडळ 1975 मध्ये परळच्या हाफकिन संस्थेतून निघाले. त्याही मागे गेले की काळ्या समुद्रावरचे ओडेसा लागते. वॉल्डेमार हाफकिन तिथे 1860 मध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. प्राणिशास्त्र शिकले, मेचनिकोव्हसारखे गुरू लाभले. 1881 मध्ये झारची हत्या झाली आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. बचावाला उभ्या राहिलेल्या हाफकिनना अटक झाली. गुरूंच्या रदबदलीने ते सुटले. पण प्राध्यापकी हवी तर धर्म बदला, ही अट त्यांनी मानली नाही. 1888 मध्ये त्यांनी देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम मिळाले ते ग्रंथालयात, मदतनिसाचे. 2022 मध्ये युक्रेनवर चढाई झाल्यावर जॉर्जिया, अर्मेनियाकडे निघालेले रशियन अभियंते, पत्रकार, संशोधक मला याच वाटेवरचे वाटतात. त्यांना पळपुटे म्हणणे अन्यायाचे आहे.

1892 मध्ये हाफकिननी आपण तयार केलेली कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली. रशियाने ती नाकारली. 1893 मध्ये ती घेऊन ते कलकत्त्याला आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि त्यांना तिकडे धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई, एवढ्यावर प्लेगच्या लसीचे काम सुरू झाले. जंतू वाढवायला, गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे म्हणून, बोकडाच्या मांसाचा रस्सा. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. थेंबांच्या खालच्या अंगाला प्लेगचे जंतू धाग्यांसारखे लोंबत वाढत. भांडे हलवले की ते तळाशी बसत आणि वर नवे धरत. मग उष्णता देऊन सगळे मारायचे. 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई पुन्हा स्वतःलाच.

प्लेग खानदेशातही शिरला. उंदीर पडू लागले की माणसे घर सोडून शेतात झोपड्या घालत. कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या मुलाला, ओंकारला, याच रोगाने कायमचे अपंगत्व आले. त्या काळात हाताशी लस होती ती हीच.

1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एका बाटलीतून लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनवर आला, ते निलंबित झाले. तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडले. परत बोलावले तेही कलकत्त्याला; परळची स्वतः उभारलेली प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचे नाव 1925 मध्ये दिले गेले. तेव्हा ते युरोपात होते. पाच वर्षांनी लोझानला वारले.