एक दिवा, तीन दिवे

गेल्या महिन्यात दादाचा नातू नवी मोटारसायकल घेऊन आमच्याकडे आला. सोबत एक खोकं होतं. त्यात एलईडीचे दोन छोटे दिवे, वायरींचा गुंता आणि एक रिले. म्हणाला, "आजोबा, हे लेगगार्डला लावून घ्यायचेत. गाड्यांचं वायरिंग करणारं कोणी ओळखीचं आहे का?"

माझं उत्तर मास्तरी थाटाचं. "गाडीला दिवा आहे तेवढा पुरत नाही का? आधीच निम्मी माणसं दुसऱ्याचे डोळे दिपवत फिरतात." पोरगा काही बोलला नाही. खोकं कोपऱ्यात ठेवून जेवायला बसला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण घरच्या मंडळींना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो, पण जरा मागून सुरुवात करतो. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

सुरुवातीच्या मोटारसायकलींना विजेचे दिवे नसत. कार्बाइडचे असत. वरच्या डबीतून पाण्याचे थेंब खालच्या कार्बाइडच्या खड्यांवर पडायचे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. माझ्या लहानपणी जत्रेतल्या फेरीवाल्यांकडे असे दिवे असायचे. लसणासारखा तो उग्र वास अजून नाकात आहे. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कार्बाइड करण्याची रीत सापडली, ते स्वस्त झालं आणि हे दिवे सायकलींपासून मोटारींपर्यंत सगळीकडे गेले. मग डायनॅमो आणि बॅटरी आली. १९२५ साली ऑस्राम कंपनीने एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या, एक लांबच्या झोताची आणि एक जवळच्या. आपला अप्पर-डिप्पर तो हाच. १९६२ साली युरोपात मोटारींना हॅलोजन दिवे आले आणि १९७१ साली दोन्ही झोत देणारा हॅलोजनचा बल्बही आला.

या सगळ्या धडपडीमागे मुख्य प्रश्न एकच होता: मला पुढचा रस्ता किती दिसतो? पण मी समोरच्याला कसा दिसतो, हा दुसरा प्रश्न. तो फार उशिरा नीट विचारला गेला.

आता दादाची गोष्ट. दादाकडे जुनी बुलेट होती. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली, तिथून आलेल्या गाड्यांपैकी. हेडलाइटच्या वर दोन बाजूंना दोन चिमुकले दिवे, टायगर लॅम्प. १९५४ पासून बुलेटची ती ओळखच आहे. पण ते हेडलाइटला अगदी चिकटून आणि मिणमिणते. लांबून सगळं मिळून एकच ठिपका दिसायचा. त्यात गाडी सहा व्होल्टची. वेग कमी झाला की उजेडही कमी.

१९७८ सालचा जानेवारी. गळीत हंगाम जोरात. रात्री आष्ट्याहून सांगलीकडे येताना शेतातल्या वाटेने उसाने भरलेली बैलगाडी सडकेवर आली आणि दादा तिच्यावर जाऊन आदळला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, पण तो लंगडत चालला तो कायमचाच. बुलेट विकली. गाडीवान हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दिवा दिसला हुता मास्तर, पर लई लांब वाटला."

त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. दादा म्हणायचा, तो पेंगत होता. वडील म्हणायचे, दादाचाच वेग जास्त होता. दादा २०११ साली गेला. तोपर्यंत त्याने त्या माणसाला माफ केलं नाही, आणि मीही दादाचीच री ओढत आलो.

त्या न झोपलेल्या रात्री आणि पुढचे चार-पाच दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचलं. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले नऊशे मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक समोरच्या वाहनाची, आणि बहुतेकदा कारण हे की त्याला मोटारसायकल दिसलीच नाही किंवा वेळेवर दिसली नाही.

पण आमच्या गाडीवानाला तर दिवा दिसला होता! त्याचं उत्तर मला रेल्वेत सापडलं. अमेरिकेत फाटकांवर मोटारी इंजिनाखाली येत, तेव्हा १९९६ साली नियम झाला की वरच्या मोठ्या दिव्याशिवाय आणखी दोन दिवे लावून त्रिकोण करायचा. १९९७ अखेरपर्यंत फाटकांवरून वेगाने जाणाऱ्या इंजिनांना ते सक्तीचे झाले. कारण साधं आहे. फळ्यावर एक ठिपका काढला तर तो जवळ आहे की लांब, कसं सांगणार? लांबचा प्रखर दिवा आणि जवळचा मंद दिवा डोळ्याला सारखेच. तीन ठिपके काढले तर मात्र जवळ येताना ते एकमेकांपासून फाकत जातात आणि आपलं मन आपोआप हिशेब करतं.

दादाचा सहा व्होल्टचा मंद दिवा जवळ असूनही लांबचा वाटला. गाडीवान खरं बोलत होता.

दिवे लावून घेतले. कारागीर चांगला होता. त्याने सांगितलं, पूर्वी लोक पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन लावायचे, म्हणजे बारा व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त करंट. बॅटरी बसायची, स्विच जळायचे. एलईडीला त्याच्या काही हिश्शानेच लागतो. तरी रिले हवाच. जड करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट दिव्याला जातो, हँडलवरचं बटण फक्त हुकूम देतं. दिवे खाली, लेगगार्डच्या दोन टोकांना लावले. (जास्तीच्या दिव्यांचे नियम आरटीओत आधी विचारून घ्या.)

अंधार पडल्यावर नातवाला गल्लीच्या टोकाला पाठवलं आणि मी दुसऱ्या टोकाला उभा राहिलो, गाडीवानाच्या जागी. आधी एकटा हेडलाइट लावून तो निघाला. केव्हा निघाला ते मला कळलंच नाही. मग तिन्ही दिवे. या वेळी निघाल्याबरोबर कळलं. पण डोळेही दिपले, म्हणून दोन्ही दिव्यांची तोंडं आणखी खाली करायला लावली. झोत रस्त्यावर पडावा, माणसाच्या डोळ्यांत नव्हे.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो. सुरुवातीला मीही समोरच्याला हाताची बोटं उघडमीट करून "दिवा चालू आहे" असं सांगत असे. आता कळतं, तो दिवा त्याच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता.

दादा असता तर फळ्यावर तीन ठिपके काढून त्याला दाखवले असते. त्या गाडीवानाचं नावही आम्ही कधी विचारलं नाही. असो. मंडळी, रात्री समोर एकटा दिवा दिसला तर तो वाटतो त्याहून जवळ आहे, असंच धरून चला.